पहिल्यांदाच मोनार्क फुलपाखरं पाळताय ना?
अगं, एकदम वीस अंडी आणू नकोस, पहिल्या वर्षी दोन-तीन पुरेत. अळी मिल्कवीडशिवाय काही खात नाही (आपल्या रुईच्याच कुळातलं झाड), आणि शेवटी-शेवटी असा फडशा पाडते की कुंडी बोडकी! नर्सरीतून रोप घेताना औषध मारलंय का, ते आधी विचार. मी विचारलं नव्हतं. सकाळी चारही अळ्या लुळ्या पडलेल्या, धाकटी दिवसभर रडत होती. चीक डोळ्यांत गेला तर झोंबतो, मुलांना हात धुवायला लाव. अळी उलटी लटकली की जाळीला हात लावायचा नाही. कोष हिरवागार, वर सोनेरी ठिपके. 10-12 दिवसांनी तो काळपट झाला, आतले नारिंगी पंख दिसायला लागले, की त्या दिवशी शाळा बुडली तरी चालेल.