कोबाल्ट वर जाईलही, पण घराचे चाळीस हजार त्यात नकोत

प्रश्न (थोडक्यात): आम्ही ऑन्टारिओत किचनरला राहतो. माझं वय ३७, पगार वर्षाला ८५,००० डॉलर. पत्नी अर्धवेळ काम करते, एक मुलगी आहे. टीएफएसएमधली (करमुक्त बचत खात्यातली) ४०,००० डॉलरची जीआयसी (मुदत ठेव) पुढच्या महिन्यात मॅच्युअर होतेय. २०२१ मध्ये साध्या ट्रेडिंग खात्यातून फर्स्ट कोबाल्ट या कंपनीचे ७,२०० शेअर ३२ सेंटने घेतले होते. आता तिथे इलेक्ट्रा बॅटरी मटेरियल्सचे फक्त १०० शेअर दिसतात. काँगोने निर्यात आवळल्यापासून कोबाल्ट (बॅटरीत लागणारा धातू) तेजीत आहे, अमेरिकेचं संरक्षण खातं या कंपनीला पैसे देतंय. म्हणून टीएफएसएतले २५,००० घालून अ‍ॅव्हरेज करावं (आणखी शेअर घेऊन सरासरी खरेदीभाव खाली आणावा) म्हणतो. दोन वर्षांत साडेसहा लाखांपर्यंतचं टाउनहाउस घ्यायचं आहे. पत्नी ठाम नाही म्हणते. तुमचं मत काय?

उत्तर: वहिनींचं बरोबर आहे.

आधी त्या गायब शेअर्सबद्दल. ब्रोकरने काही खाल्लेलं नाही. फर्स्ट कोबाल्टचं नाव २०२१ च्या अखेरीस इलेक्ट्रा झालं. एप्रिल २०२२ मध्ये नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारावर जाण्यासाठी १८ शेअर्सचा एक केला, तेव्हा तुमचे ७,२०० चे ४०० झाले. ३१ डिसेंबर २०२४ ला पुन्हा चारांचा एक झाला, उरले १००. नुसत्या एकत्रीकरणाने पैसे जात नाहीत, पण हिशेब मात्र उघडा पडतो. आजचा एक शेअर म्हणजे तुमचे जुने ७२. म्हणजे तुमची खरेदी आजच्या मापात प्रति शेअर २३ डॉलर ४ सेंटला पडली. आजचा भाव शेजारी ठेवून बघा, मग अ‍ॅव्हरेजचं बोलू. शेअर पडून एक डॉलरखाली रेंगाळला की नॅस्डॅकवर टिकायला कंपन्या असे एकत्रीकरणाचे ठराव आणतात. एकदा तिथे जायला, एकदा तिथे टिकायला, असं दोन वर्षं आठ महिन्यांत दोनदा एकत्रीकरण करावं लागलं, यातूनच काय ते समजा.

आता कोबाल्ट. तुमचा अभ्यास इथे चांगला आहे, म्हणून जरा खोलात जातो. जगातलं सत्तर टक्क्यांहून जास्त कोबाल्ट काँगोच्या खाणींतून निघतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये काँगोने निर्यात थांबवली आणि १६ ऑक्टोबरपासून कोटा लावला: त्या वर्षाच्या उरलेल्या काळासाठी १८,१२५ टन, २०२६ आणि २०२७ साठी वर्षाला ९६,६०० टन. बंदीच्या आधी टनाला २१-२२ हजार डॉलरवर लोळणारा भाव वर्षअखेर दुपटीच्या पुढे गेला. हे सगळं खरं आहे.

पण हाच भाव २०२२ च्या वसंतात ८०,००० च्या वर होता आणि तिथून घसरला. कारण कोबाल्ट बहुतेक ठिकाणी मुद्दाम काढत नाहीत; काँगोत ते तांब्याबरोबर निघतं, इंडोनेशियात निकेलबरोबर. तांब्याला भाव असला की कोबाल्टचा भाव कितीही पडो, ते येतच राहतं. शिवाय बॅटरीवालेही हुशार. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीत कोबाल्ट नसतंच, आणि चीनमधल्या बहुतांश ईव्ही आता त्याच बॅटरीवर धावतात. भारतात आपल्या नातेवाइकांच्या दारात उभी असलेली नेक्सॉन ईव्हीसुद्धा एलएफपीवरच चालते. कोटा हा सरकारी निर्णय आहे. तो एका पत्रकाने आला, एका पत्रकाने सैल होऊ शकतो.

आणि समजा कोबाल्ट चढंच राहिलं. तुम्ही कोबाल्ट विकत घेत नाही आहात हो, तुम्ही एका रिफायनरीचा शेअर घेताय. इलेक्ट्राकडे अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात आयर्न क्रीकचा साठा आहे, पण तिथे खाण सुरू नाही. खरा डाव टोरांटोच्या उत्तरेला टेमिस्कॅमिंगच्या कारखान्यावर आहे. तिथे बाहेरून आलेलं कोबाल्ट हायड्रॉक्साइड शुद्ध करून वर्षाला ६,५०० टन कोबाल्ट असलेलं सल्फेट (बॅटरीत लागणारं रूप) बनवायचा बेत आहे. पिठाच्या गिरणीवाल्याला गव्हाच्या भावाने काय फरक पडतो? त्याची कमाई दळणावळीची. उलट गहूच येईना तर गिरणी बंद. काँगोच्या कोट्याने भाव वाढतो, तसा रिफायनऱ्यांचा कच्चा मालही महागतो आणि दुर्मिळ होतो. तुम्ही ज्या बातमीवर खूश आहात, ती या कंपनीला धड फायद्याची आहे की नाही, हे मी तरी छातीठोक सांगणार नाही.

कारखान्याचं काम २०२३ मध्ये पैशांअभावी थांबलं होतं. पेंटॅगॉनचे, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे, २ कोटी डॉलर ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाले, एलजी एनर्जी सोल्युशन या बॅटरी कंपनीला पाच वर्षांत १९,००० टन कोबाल्ट पुरवायचा करार आहे, सगळं कबूल. तरीही २०२५ मध्ये कर्ज देणाऱ्यांनी कर्जाचा मोठा भाग शेअर्समध्ये बदलून घेतला आणि सोबत नवे शेअर विकून पैसा उभारला गेला. कंपनी तगली, पण जुन्या भागधारकाचा वाटा आक्रसला. सरकारला कारखाना हवा असतो. भागधारकाचं काय होतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

याच आयडाहोतलं उदाहरण बघा. ऑस्ट्रेलियाच्या जर्व्हॉइसने ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथे वाजतगाजत कोबाल्टची खाण उघडली. भाव पडले म्हणून मार्च २०२३ मध्ये काम थांबवलं. जानेवारी २०२५ मध्ये कंपनी अमेरिकेच्या दिवाळखोरी न्यायालयात गेली. कंपनी कर्ज देणाऱ्या फंडाकडे गेली, भागधारकांना एक सेंटही मिळाला नाही. दिवाळखोरीच्या अर्जानंतर पुढच्याच महिन्यात काँगोने बंदी घातली आणि भाव उसळला! कोबाल्टबद्दल त्या भागधारकांचा अंदाज फार चुकला नव्हता.

आता तुमच्या घराकडे येतो. साडेसहा लाखांच्या घराला कमीत कमी डाउन पेमेंट किती? पहिल्या पाच लाखांवर ५ टक्के म्हणजे २५,०००. वरच्या दीड लाखावर १० टक्के म्हणजे १५,०००. बेरीज ४०,०००. तुमची जीआयसी नेमकी तेवढीच आहे. वकील, लँड ट्रान्सफर टॅक्स हे अजून बाजूलाच. म्हणजे यात गमवायला जागाच नाही. आणि टीएफएसएत तोटा झाला तर दुहेरी मार बसतो: तो तोटा टॅक्समध्ये दाखवता येत नाही, आणि २५,००० चे ५,००० होऊन बाहेर काढले तर पुढच्या जानेवारीत खात्यात पैसे भरायची जागाही ५,००० चीच परत मिळते. वीस हजारांची जागा कायमची जाते.

त्यापेक्षा हे करा. पूर्वी घर घेतलेलं नसेल तर एफएचएसए (पहिल्या घरासाठीचं बचत खातं) उघडा. वर्षाला ८,००० टाकता येतात, ते उत्पन्नातून वजा होतात आणि पहिल्या घरासाठी काढताना टॅक्स नाही. जीआयसी सुटली की ८,००० तिकडे वळवा, जानेवारीत पुन्हा ८,०००. ऑन्टारिओत तुमच्या पगारावर दर खेपेला साधारण २,३००-२,४०० डॉलर टॅक्स वाचेल. कोबाल्टला एवढा खात्रीचा परतावा द्यायला सांगून बघा. उरलेली रक्कम एक वर्षाच्या जीआयसीत, डिपॉझिट विम्याच्या मर्यादेत. वहिनींचं एफएचएसए नंतर बघू, त्यांचा पगार कमी असल्याने वजावटीचा फायदा तितका नाही.

हौस असेलच तर पगारातून, साध्या खात्यात, हजार-दीड हजार लावा. ते गेले तर घराच्या तारखेवर परिणाम होणार नाही एवढीच अट.

जुने १०० शेअर साध्या खात्यात आहेत, हे नशीब. ते विकलेत तर भांडवली तोटा नोंदवता येईल. तीन वर्षं मागे नेता येतो, पुढे कितीही वर्षं, पण फक्त भांडवली नफ्यासमोर. एक सांभाळा: विक्रीच्या आधी-नंतरच्या ३० दिवसांत तुम्ही किंवा वहिनींनी हाच शेअर कुठल्याही खात्यात घेतला आणि तो तिसाव्या दिवशीही हातात राहिला, तर तोटा नाकारला जातो. टीएफएसएत घेतला तर तो कायमचाच बुडतो. तेव्हा तिथे खरेदीची ऑर्डर टाकून ठेवली असेल, तर ती आजच रद्द करा.