वाचकांचे प्रश्न : बोअरचं पाणी आणि आफ्रिकन सिक्लिड

प्रश्न : बोअरचं पाणी जड म्हणून 3 फुटी टाकीत जारचं आरओ पाणी भरलं. 6 आफ्रिकन सिक्लिड मासे सोडले. दोन महिन्यांत 4 दगावले. उरलेल्यांतला एक हीटरमागे दडून असतो, शेपटी कुरतडलेली. काय चुकलं?
– एक वाचक, ता. केळापूर, जि. यवतमाळ

उत्तर : पहिली चूक पाण्याची. दुकानात मिळणारे बहुतेक रंगीत सिक्लिड मूळचे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले. तिथल्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप; 7 च्या वर म्हणजे अल्कली) साधारण 7.8 ते 8.6. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि भांड्याला पांढरा थर धरतो, तेच यांना मानवतं. आरओच्या पाण्यात पीएच धरून ठेवणारे क्षारच नसतात. विष्ठा नि उरलेलं खाद्य कुजलं की तो घसरत जातो.

मात्र टाकी उपसून एकदम बोअरचं पाणी भरू नका. पीएच कमी असताना कुजण्यातून होणारा अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात असतो. पीएच 7 वरून 8 वर गेला की त्याचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. म्हणून आधी अमोनिया तपासा. दिसला, तर आरओच्याच पाण्याने बदल करून उतरवा. शून्यावर आला की रोज 10 टक्के पाणी काढून बोअरचं घालत आठ-दहा दिवसांत निम्म्याहून जास्त पाणी बदला. बोअर शेतात असेल तर खतांमुळे पाण्यात नायट्रेट असू शकतं, तेही एकदा तपासून घ्या. ग्रामपंचायतीच्या विहिरीचं पाणी असेल, तर ब्लिचिंगचा अंश जाईपर्यंत एक दिवस हवेचा पंप लावून ठेवा.

दुसरी चूक संख्येची. मासे कमी असले की एक दांडगा नर सगळी टाकी आपली समजतो आणि एकाच्याच मागे लागतो. 3 × 1.5 × 1.5 फुटांच्या टाकीत येलो लॅब आणि रस्टी या सिक्लिडच्या जाती मिळून 12 ठेवा, एका नरामागे 3 माद्या. ऑराटस ही जात घेऊच नका, त्याला ही टाकी पुरत नाही. नवे मासे सोडताना दगडांची मांडणी बदला आणि दिवा बंद ठेवा. जुन्यांच्या हद्दी मोडतात. दगड आधी तळाच्या थर्माकोलवर बसवा, रेती नंतर टाका. हे मासे रेती उकरतात. रेतीवर ठेवलेला दगड कलंडून काच फोडतो.

प्रश्न : मे महिन्यात पाणी 33 अंशांवर जातं आणि लाइनही जाते.
– एक वाचक, ता. वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर : गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून आधी हवा वाढवा. झाकण काढून जाळी लावा आणि लहान पंख्याचा झोत पाण्यावर सोडा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात एवढ्याने पाणी 2-3 अंश उतरतं. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी जारचं पाणी घाला, बोअरचं नको. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. आठवड्याचा 30 टक्के बदल मात्र बोअरनेच करा. लाइन जाताच बॅटरीचा हवापंप सुरू करा, खाद्य थांबवा. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा) काही तास बंद राहिला, तर आतलं कुजकट पाणी ओतून टाकल्याशिवाय चालू करू नका.

प्रश्न : मादी खात नाही, जबडा फुगलाय. औषध द्यावं का?
– एक वाचक, जि. वाशीम

उत्तर : नको. ती तोंडात अंडी उबवतेय, साधारण तीन आठवडे ती अशीच राहील. जबड्याऐवजी पोट फुगलं आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी दिसली, तर तो आजार. तेव्हा ब्लडवर्म (खाद्य म्हणून देतात त्या लाल अळ्या) बंद करा आणि त्या माशाला वेगळं काढा.