ओटीपी जातो भलत्याच नंबरवर

प्रश्न: ताई, मी धुणीभांडी करते, सासूबाईंना शुगर आहे. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर म्हणतात आभा, म्हणजे सरकारचं डिजिटल आरोग्य खातं, काढा, पण स्मार्टफोन एकच, तो मुलाकडे, आणि ओटीपी जातो आधारला जोडलेल्या, बंद पडलेल्या जुन्या नंबरवर. आता औषधं बंद होतील का?

उत्तर: अजिबात नाही हो. आभा ऐच्छिक आहे, तो १४ आकडी नंबर नसला म्हणून उपचार थांबत नाहीत, साधा केसपेपर मागा. आणि हे ५ लाखांपर्यंत मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड नव्हे, खूप जण गल्लत करतात, आभा फक्त रिपोर्ट एकत्र ठेवायला. काढायचंच असेल तर आधी सासूबाईंना आधार केंद्रात नेऊन चालू नंबर जोडून घ्या, बोटांचे ठसे झिजले असतील तर डोळ्यांवरून होतं. मग आभा काढायच्या दिवशी मुलाचा फोन घरी ठेवा म्हणजे झालं.