गॅरेजची खोली करायची आहे

प्रश्न : पुण्यात सहकारनगरला आमचा जुना बंगला आहे. सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. गाडी विकली, मागचं गॅरेज रिकामंच आहे. शटर काढून भिंत घातली आणि बाथरूम केलं तर चालेल का? मिस्त्री म्हणतो, ‘जागा तुमची, परवानगी कशाला?’ – एक वाचक

उत्तर : ताई, या बाबतीत मिस्त्रीचं ऐकू नका. जागेचा वापर बदलणं हासुद्धा १९६६च्या नगररचना कायद्यानं ‘विकास’च. विनापरवाना केलंत तर कलम ५३ खाली पाडायची नोटीस येऊ शकते. मिळकतकरावरची शास्ती, म्हणजे दंड, भरली की बांधकाम अधिकृत होतं, असं बरेच जण समजतात. ते खरं नाही.

आधी मंजूर नकाशा शोधा. गॅरेज मागच्या कोपऱ्यात, सामासिक अंतरात (घराभोवती मोकळी सोडायच्या जागेत) दाखवलं असेल तर तिथं गाडीपुरतीच सवलत होती; खोलीची आशा धरू नका. ते घराच्या मूळ बांधकामातच असेल तर एफएसआय (प्लॉटच्या मानानं किती बांधता येतं ते प्रमाण) शिल्लक आहे का आणि नियमाप्रमाणे लागणारं पार्किंग दुसरीकडे बसतं का, हे आर्किटेक्टकडून तपासून घ्या. जमत असेल तर त्यांच्यामार्फत सुधारित नकाशा मंजूर करून घ्या, मगच शटरला हात लावा. उंचीही मोजा. राहत्या खोलीला २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट लागतात. जुनी गॅरेजं बहुतेक त्याहून बुटकी.

आणि जोतं. गाडी आत जावी म्हणून गॅरेजची फरशी अंगणाच्या पातळीला ठेवलेली असते. माझी मावशी अरण्येश्वरला अशाच खोलीत राहायची. जून लागला की भिंतीला ओल, गादीला वास. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा पाणी आधी तिच्या खोलीत शिरलं. भावानं तिला उचलून जिन्यावर बसवलं. तिची पोथ्यांची पेटी मात्र भिजली ती भिजलीच. तुमचं घरही त्याच ओढ्याच्या भागात आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

तळमजल्यावर दिवाणखाना असेलच. न्हाणीघराजवळचा त्याचा कोपरा सासूबाईंना देता येईल का, ते पाहा. बसायची खोली वर गेली तरी पाहुणे जिना चढतील. खाटेपासून संडासापर्यंत भिंतीला धरायचा दांडा लावा, मधला उंबरठा काढा. आणि आधी सासूबाईंना विचारा, त्यांना कुठं झोपायचंय.