'वंशभेद' की 'वर्णभेद'?

प्रश्न: अमेरिकेत 'रेस'वरून होणाऱ्या भेदभावाला वर्तमानपत्रं कधी वर्णभेद म्हणतात, कधी वंशभेद. बरोबर कोणतं?

बातमीत दोन्ही खपतात. कायद्याचं भाषांतर असेल तर मात्र वंशभेदच. १९६४च्या नागरी हक्क कायद्यात नोकरीबद्दलच्या सातव्या प्रकरणात रेस, कलर, रिलिजन, सेक्स, नॅशनल ओरिजिन हे पाच शब्द ओळीने येतात. पहिल्यालाच 'वर्ण' देऊन बसलात तर 'कलर'ला काय देणार? आपल्या राज्यघटनेच्या मराठी पाठात, पंधराव्या अनुच्छेदात, 'रेस'ला 'वंश' आहेच, तोच घ्यावा.

रंग आणि वंश अमेरिकेतल्या न्यायालयानेच वेगळे काढले. १९२०च्या सुमारास तिथे परदेशात जन्मलेल्यांपैकी 'व्हाइट' आणि आफ्रिकी वंशाच्या माणसांनाच नागरिकत्व मिळे. जपानी ताकाओ ओझावाने आपले लोकही गोरेच असतात असं मांडलं. नोव्हेंबर १९२२मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, व्हाइट म्हणजे कातडीचा रंग नव्हे, कॉकेशियन वंश. मग भारतातून तिथे गेलेल्या भगतसिंग थिंद यांनी 'शास्त्रज्ञांच्या वर्गीकरणानुसार मी कॉकेशियन आहे' म्हटलं, तर तीन महिन्यांत त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकाल दिला की शास्त्रज्ञांचं वर्गीकरण चालणार नाही, सामान्य माणूस ज्याला व्हाइट समजतो तोच व्हाइट! म्हणून या निकालांत 'व्हाइट'ला नुसतं 'गोरा' लिहिलं की घोटाळा होतो. 'मुलगी गोरी आहे' म्हणताना आपण कांतीच सांगत असतो. इथे 'श्वेतवंशीय' लिहावं.

आणखी एक खड्डा: थिंद शीख, पण निकालात ते 'उच्च जातीचे हिंदू' आहेत. अमेरिकेच्या १९२० ते १९४०च्या तिन्ही जनगणनांतही 'हिंदू' वंशाच्या रकान्यात आहे. तिथे 'हिंदुधर्मीय' लिहिणं साफ चूक.

'कृष्णवर्णीय' रुळलाय, राहू द्या. पण रेल्वेत वंशानुसार वेगळे डबे ठेवणं वैध ठरवणाऱ्या १८९६च्या निकालातला होमर प्लेसी सात-अष्टमांश श्वेतवंशीय. पाहून ओळखूही येत नसे. त्याला 'आफ्रिकी वंशाचा' म्हणणंच नेमकं.

'रेस'ला 'जात' तर मुळीच नको. सिअ‍ॅटल शहराने २०२३मध्ये भेदभावविरोधी नियमांत 'कास्ट' हा वेगळा शब्द घातलाय. त्याच्यासाठी 'जात' मोकळी लागते.