३ गीगाहर्ट्झचा पेन्टियम ४ की १.५ गीगाहर्ट्झचा रास्पबेरी पाय ४: कॅसेटींच्या कामाला कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: वडिलांनी गणेशोत्सवातल्या गाण्यांच्या बैठकी टेप करून ठेवलेल्या साठेक कॅसेटी आहेत, त्या एमपी३ करायच्या. घरात २००३ साली घेतलेला ३ गीगाहर्ट्झचा पेन्टियम ४ आहे आणि भाच्याने दिलेला १.५ गीगाहर्ट्झचा रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर. दोन्हींवर लिनक्स टाकून सिसबेंच हा वेग मोजणारा प्रोग्रॅम चालवला, तर पाय कित्येक पट पुढे निघाला. निम्म्या गीगाहर्ट्झचा पुढे कसा, आणि काम कशावर करावं?

मी इंदूरलाच कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, आणि पेन्टियम ४ विकण्याचे दिवस मी काउंटरमागून पाहिले आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी तुमचा आकडा. तो खोटा नाही, पण तो तुमच्या कामाचाही नाही. सिसबेंचची सीपीयूची चाचणी मूळ संख्या शोधते, म्हणजे नुसते भागाकार करत बसते, तेही ६४ बिटांच्या संख्यांचे. पायवर तुम्ही ६४ बिटांची सिस्टिम टाकली असणार. तिथे असा भागाकार एका इन्स्ट्रक्शनमध्ये उरकतो. २००३ चा पेन्टियम ४ पडला ३२ बिटांचा, म्हणजे एका दमात त्याच्या निम्म्या लांबीची संख्या हाताळणारा. तोच भागाकार त्याला तुकडे पाडून, सॉफ्टवेअरची मदत घेऊन करावा लागतो. विश्वास बसत नसेल तर त्याच पायवर ३२ बिटांची सिस्टिम टाकून तीच चाचणी लावा. चिप तीच, घड्याळाचा वेग तोच, आणि आकडा धाडकन खाली येईल. गाण्याची फाइल एमपी३ करताना असले भागाकार कुणी करत नाही.

आता गीगाहर्ट्झ, म्हणजे चिपचं घड्याळ सेकंदाला किती अब्ज ठोके देतं तो आकडा. त्या काळी गिऱ्हाईक दुकानात शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘भिया, कित्ते गीगाहर्ट्झ का है?’ इंटेललाही हे ठाऊक होतं. पेन्टियम ४ ची रचनाच घड्याळ जोरात पळावं अशी केली होती. गणपतीच्या पंगतीत आचाऱ्यापासून पानापर्यंत माणसांची रांग लावतात ना, तसं समजा. रांगेत वीस जण उभे केले तर प्रत्येकाने फक्त एक पाऊल हात पुढे करायचा, म्हणून हात झपाझप चालतात. पेन्टियम ४ च्या पाइपलाइनला, म्हणजे प्रोसेसरमधल्या कामाच्या रांगेला, असेच २० टप्पे होते. पण पंगतीला पुढे काय लागेल हे आधीच ताडून भांडी पाठवावी लागतात. जिलबी लागेल म्हणून सगळी रांग जिलबीने भरली आणि पानावरून आरोळी आली ‘मठ्ठा!’, की वीसच्या वीस हातांतली भांडी मागे. प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे ‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ येतं, तिथे हा धोका असतो. प्रोसेसर अंदाज बहुतेक वेळा बरोबर बांधतो, पण चुकला की लांब रांगेला फटका मोठा. पायमधल्या कॉर्टेक्स-ए७२ या प्रोसेसरची रांग आखूड आहे आणि घड्याळाच्या एका ठोक्यात तो सरासरीने जास्त काम उरकतो.

२००४ च्या प्रेस्कॉट या नव्या पेन्टियम ४ मध्ये इंटेलने ही रांग ३१ टप्प्यांची केली. चिप तापायला लागली, ४ गीगाहर्ट्झचा पेन्टियम ४ येणार येणार म्हणत त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रद्द झाला, आणि गाडी ३.८ वर थांबली. २००६ मध्ये इंटेलचाच कोअर २ ड्युओ हा नवा प्रोसेसर आला, त्यातला एक १.८६ गीगाहर्ट्झचा. हा तुमच्या ३ वाल्यापेक्षा वेगवान आहे म्हटलं की लोक माझ्याकडे असे बघायचे, जणू मी जुना माल खपवतोय! त्यांना गीगाहर्ट्झ मोजायला आपणच शिकवलं होतं, दोष कुणाला देणार.

तुमच्या पेन्टियमबद्दल एक शंका मात्र आहे. वीस वर्षांत पंख्याखालची पेस्ट वाळून खडू झाली असेल. जास्त तापला की हा प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी मधले मधले ठोके गाळतो, पण स्क्रीनवर ३ गीगाहर्ट्झच दिसत राहतात. काम निम्म्यावर आलं तरी पत्ता लागत नाही. पेस्ट बदला, जाळीतली धूळ काढा, मग तुलना करा. पायही साव नाही: ८० अंशांना तोही घड्याळ खाली आणतो, आणि मे महिन्यात इंदुरात उघड्या पायला तिथवर पोचायला वेळ लागत नाही. छोटा हीटसिंक लावाच.

हे सगळं झाल्यावर एकच फाइल एमपी३ करून पाहाल, तर दोघांत फार अंतर दिसणार नाही. पेन्टियम ४ ऑडिओ-व्हिडिओच्या कामात चांगलाच होता, हे त्याच्या वाट्याचं श्रेय द्यायला हवं. फरक पडतो तो चार फाइली एकदम लावल्यावर. लेम हा एन्कोडर, म्हणजे एमपी३ बनवणारा प्रोग्रॅम, एका फाइलला एकच कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला एकच कामकरी, वापरतो. पायला चार कोअर, पेन्टियमला एक. वीज वेगळीच: पेन्टियमची नुसती चिप ८२ वॉटच्या घरातली, आणि पायचा पूर्ण अडॅप्टरच १५ वॉटचा. रात्रभर चालू ठेवायचं तर पायच.

पण तुमचं खरं काम एन्कोडिंग नाहीच. ९० मिनिटांची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला ९० मिनिटंच लागतात, मग आत पेन्टियम असो की आणखी काही. साठ कॅसेटी म्हणजे ९० तास टेपरेकॉर्डर चालणार. आणि इथे पाय हरतो, कारण त्याला आवाज आत घ्यायची सोयच नाही. त्याच्यावरचं गोल भोक फक्त आवाज बाहेर काढण्याचं आहे. त्यासाठी यूएसबी साउंड कार्ड वेगळं घ्यावं लागेल. पेन्टियमच्या बोर्डावर लाइन-इन, म्हणजे आवाज आत घेण्याचं भोक, आयतं आहे.

म्हणून मी असं करेन: पेन्टियमवर वेव्ह फाइल रेकॉर्ड करायची, सीडीच्या दर्जाने मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे एक कॅसेट ९५० एमबीच्या आसपास. जुनी हार्ड डिस्क लवकर भरेल, तेव्हा रोज संध्याकाळी फाइली पायला जोडलेल्या डिस्कवर हलवायच्या आणि रात्री एन्कोडिंग लावून झोपायचं. एमपी३ ऐकायला ठीक, पण एक प्रत फ्लॅकमध्ये ठेवा, त्यात काही गाळलं जात नाही. वडिलांनी टेप केलेलं पुन्हा मिळणार नाही.

सुरू करण्याआधी टेपरेकॉर्डरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दर चार-पाच कॅसेटींनी परत. आणि वायर टेपरेकॉर्डरच्या लाइन-आउटमधून बोर्डाच्या निळ्या भोकात घाला. गुलाबी माइकचं आहे, त्यात घातलीत तर आवाज फाटेल आणि तुम्ही शिव्या बिचाऱ्या पेन्टियमला घालाल.