गाळा घेण्याआधी

बाळ सहा महिन्यांचे असताना स्वतःचे सलून थाटण्याचा तुमचा विचार चुकीचा नाही. मात्र गाळ्याची अनामत भरण्याआधी घरातल्याच एका खोलीत, वेळ ठरवून येणाऱ्या ग्राहकांवर वर्षभर काम करून पाहावे, असे मी सुचवेन. सरकारच्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ या सर्वांत लहान कर्जाच्या गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि सुरुवातीला एक खुर्ची, आरसा व केस धुण्याचे बेसिन पुरते. स्मूदनिंगची, म्हणजे रसायन लावून केस सरळ करण्याची, कामे तूर्त घेऊच नयेत, कारण केसांवरून इस्त्री फिरताना उठणाऱ्या वाफेत फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू असू शकतो आणि भिंतीपलीकडे पाळणा असतो. हायलाइट्सना, म्हणजे केसांच्या काही बटा रंगवायला, तीन-चार तास सहज जातात, हे ठाऊक असूनही मी एकदा माझ्या मुलीच्या दुधाच्या वेळेलाच ग्राहक घेतली. शेवटी डोक्याला फॉइल लावलेल्या त्या बाईंनीच तिला मांडीवर घेतले. तेव्हापासून दुपारी एक ते चार मी फक्त कटिंग ठेवते.